आत्याचा कॉम्प्युटर

परवा सकाळी सकाळी कराडहून आत्याचा फोन. "अरे, मला कॉम्प्युटर घ्यायचाय. वीस-पंचवीस हजारांत बसव. कुठला घेऊ ते तूच सांग."

आमच्या खानदानात मी 'कॉम्प्युटरवाला'. कुणाचा प्रिंटर चालेना, कुणाचा पासवर्ड हरवला, की फोन मला. ही उपाधी मला २००१ साली मिळाली. त्या वर्षी बाबांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढून लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला पी.सी. आणला होता. पेंटियम थ्री, ६४ एम.बी. रॅम, १० जी.बी.ची हार्ड डिस्क, पंधरा इंची डबडा मॉनिटर. चौतीस हजार! कारण काय, तर 'मुलांच्या अभ्यासासाठी'. आईने जुन्या साडीचं झालरवालं कव्हर शिवलं. त्या खोलीत चपला घालून जायला बंदी होती. अभ्यास किती झाला ते विचारू नका. पत्ते खेळलो, गाणी ऐकली, आणि वर्षभर बाबांचा हप्ता कापला जात राहिला. पण निदान ते मशीन चाललं तरी. सात वर्षं.

असो. आत्याचा फोन ठेवला आणि मी उत्साहाने कामाला लागलो. रात्री बसून मस्त तक्ता केला. नवा स्वस्त लॅपटॉप, क्रोमबुक, कीबोर्ड जोडलेला टॅब्लेट, ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप. प्रत्येकापुढे रॅम, स्टोरेज, प्रोसेसर, वॉरंटी, किंमत. पाच रंग वापरले. पाठवणार, तेवढ्यात हात थांबला. असाच एक तक्ता मी आधीही केला होता.

२०२० साली शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा ताईने भाचीसाठी लॅपटॉप विचारला होता. बजेट वीस हजार. मी किमती बघितल्या आणि सगळ्यात हलका, चकचकीत, नवाकोरा लॅपटॉप सुचवला. चार जी.बी. रॅम आणि ३२ जी.बी. ईएमएमसी. ही ईएमएमसी म्हणजे मदरबोर्डवरच चिकटवलेली साठवण. काढून मोठी बसवता येत नाही. सिस्टीमनेच त्यातली बहुतेक जागा खाल्ली, आणि मोठं अपडेट आलं की उतरवायला जागाच उरेना. त्यात एका वेळी व्हिडिओ आणि ब्राउझर दोन्ही चालेनात. सहामाहीच्या ऑनलाइन परीक्षेत तो मध्येच अडकला. पोरीने उरलेला पेपर ताईच्या फोनवर, बोटाएवढ्या अक्षरांत सोडवला. हे मला कळलं वर्षभराने, तेही भाचीकडून. ताई कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

चूक किमतीची नव्हतीच. मी 'कितीत' विचारलं होतं, 'कशाला' विचारलंच नव्हतं. दिवसाचे चार-पाच तास व्हिडिओवर बसायचं आहे, हे कळलं असतं तर त्याच पैशात जुना पण दणकट डेस्कटॉप घेऊन दिला असता.

म्हणून तक्ता बाजूला ठेवून आत्याला फोन लावला. "आत्या, कॉम्प्युटर नेमका कशाला हवाय?"

"कशाला म्हणजे? अरे, लाज जातेय माझी!"

तर झालं असं की, आत्या ज्येष्ठ नागरिक संघाची चिटणीस आहे. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. दर महिन्याचं परिपत्रक ती कागदावर सुवाच्य लिहून डीटीपीच्या दुकानात देते, आणि छापून येतं ते 'वार्षीक सभा', 'जेष्ठ नागरीक', आणि खाली तिची सही! "माझेच विद्यार्थी आता संघाचे सभासद आहेत रे. एकाने लाल पेनाने चुका काढून कागद परत दिला मला." शिवाय दुकानातला फॉन्ट जुन्या पद्धतीचा. त्याची फाइल व्हॉट्सॅपवर पाठवावी तर समोर नुसती गिचमिड उमटते.

म्हणजे आत्याला हवं काय? मराठी टायपिंग, डोळ्यांना मोठी अक्षरं आणि एक बऱ्यापैकी कीबोर्ड. झालं! माझ्या पाचरंगी तक्त्यात मराठीचा रकाना नव्हता, पडद्याच्या आकाराचाही नव्हता.

हे ठरल्यावर बाकीचं सोपं होतं. लॅपटॉप बाद, कारण तो तिला फिरवायचाच नाही आणि पडदा लहान. टॅब्लेटचंही तेच. क्रोमबुक वाईट नाही, पण संघातल्यांना विंडोज माहीत. अडलं तर मदतीला येणार तेच. उरला रिफर्बिश्ड डेस्कटॉप. इथे एक मेख आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीची मशीनं म्हणून तर एवढी स्वस्त मिळतात. दुकानदार 'आय फाइव्ह आहे' एवढंच सांगतो. कुठल्या पिढीचा, ते आपण विचारायचं. आम्ही आठव्या पिढीचा घेतला. आठ जी.बी. रॅम, २५६ जी.बी.ची एसएसडी, बावीस इंची मॉनिटर. सगळं मिळून साडेएकोणीस हजार.

प्रिंटर घ्यायला निघाली होती. मी अडवलं. महिन्यातून एकदा छापायचं तर इंकजेटची शाई वाळते. त्यापेक्षा पीडीएफ करून त्याच डीटीपीवाल्याकडे पाठवायची. अक्षरं तिची, छपाई त्याची. त्याचंही गिऱ्हाईक तुटलं नाही.

टायपिंगला मी इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सोपी सोय सुचवली. ती पटली नाही. मग इनस्क्रिप्ट कीबोर्डची चित्रं दाखवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं; क दाबला तर क, शिफ्टबरोबर दाबला तर ख. आणि ऱ्हस्व वेलांटी-उकार मधल्या ओळीत, तर दीर्घ बरोबर त्यांच्या डोक्यावर. आत्याचा चेहरा खुलला. "हा ज्याने केला त्याला व्याकरण येत होतं," म्हणाली. कीबोर्डवर मराठी स्टिकर चिकटवले. पंधरा दिवस रोज तासभर बसत होती म्हणे.

मागच्या आठवड्यात ताईला फोन केला. म्हटलं, तो लॅपटॉप मी चुकीचा सुचवला होता. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "माहितीये. भाजीच्या हिशोबाची वही ठेवते त्याच्यावर." आणि हसली. भाची यंदा कॉलेजला जाईल. या वेळी तिलाच आधी विचारणार आहे, कशाला हवाय म्हणून.

काल आत्याची पहिली ईमेल आली. संघाचं परिपत्रक, एकही चूक नाही. खाली ताजा कलम : "तू पाठवलेला तक्ता उघडून पाहिला. त्यात 'किंमत' शब्द चार ठिकाणी चुकीचा लिहिला आहेस. दुरुस्त करून परत पाठव."

पाठवला.