अंग थंड केले तर फिट थांबते का?

आमचा थोरला भाऊ गेली अकरा वर्षे फिटच्या गोळ्या घेतो. गल्लीत अजूनही कुणी फेफरे म्हणते, कुणी मिरगी. गेल्या पावसाळ्यात एक फिट ओसरायच्या आत दुसरी, अशा त्या येतच राहिल्या. इंजेक्शनांना दाद देईनात, तेव्हा डॉक्टरांनी त्याला भूल देऊन श्वासाच्या मशीनवर ठेवले. पाचव्या दिवशी तो शुद्धीवर आला. आता कामावर जातो, नावे तेवढी विसरतो.

त्या दिवसांत भाच्याने मोबाइलवर वाचले की, शरीर थंड केले की मेंदू शांत होतो. आईला ते लगेच पटले. गावाकडे फिट आली की डोक्यावर गार पाणी ओततात, हे तिने पाहिलेले. बर्फ आणू का, असे तिने डॉक्टरीणबाईंनाच विचारले.

“नको, आजी,” त्या म्हणाल्या आणि आम्हाला बसवून सगळे सांगितले. हा उपचार खरा आहे, पण तो पाणी ओतणे नव्हे. भुलीखाली अंगाचे तापमान ३२ ते ३४ अंशांवर आणून २४ तास धरायचे. थंडीत मेंदूच्या पेशींची भूक कमी होते, म्हणून इजाही कमी होईल, ही आशा.

फ्रान्समधल्या ११ अतिदक्षता विभागांत हे करून पाहिले. निष्कर्ष २०१६ साली छापून आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. थंड केलेल्या १३८ जणांपैकी ६७, आणि नेहमीच्या उपचारांवरच्या १३० पैकी ५६ जण तीन महिन्यांनी चांगले सावरलेले होते. म्हणजे शेकडा ४९ आणि ४३. एवढा फरक योगायोगानेही पडतो. मेंदूच्या आलेखात फिट पुढे चालू राहिलेले थंड गटात निम्मेच होते, पण उपद्रव जास्त झाले. म्हणून हा उपचार सरसकट करत नाहीत. सगळे उपाय थकले तर एखादे डॉक्टर विचार करतात. कुणीतरी माणसे मोजून हे पाहिले, याचेच आम्हाला अप्रूप वाटले. आशेवर काय, लोक कांदाही हुंगवतात.

पहिली पाच मिनिटे मात्र घरच्यांच्या हातात असतात. कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, पाणीही नाही. ते श्वासनळीत जाते. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकात मारायचा फवारा आमच्या फडताळाच्या वरच्या खणात असतो, आणि वेळ बघायचे काम धाकट्या पुतणीकडे आहे.