चोरकप्पा

आमच्या वन बीएचकेच्या किचनमध्ये सिंकच्या पुढ्यात एक ड्रॉवर होता. म्हणजे ड्रॉवरसारखा दिसायचा. हँडल एकदम झकास, पण ओढलं की ढिम्म! मॉड्युलर किचनवाल्यांना हा फंडा माहीत असेल. मागे सिंकचं भांडं येतं, म्हणून तिथे नुसती खोटी पट्टी ठोकतात. दोन वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. दिवाळीनंतर आई महिनाभर राहायला आली आणि पहिल्याच दिवशी हँडल ओढून म्हणाली, "हे काय गं, नुसतं दाखवायला?"

खालचं दार तर तिने उघडून लगेच बंद केलं. आत पाईप, कचऱ्याचा डबा, फिनेल आणि एका पिशवीत कोंबलेल्या पन्नास पिशव्या. (तुमच्याकडेही आहे, खोटं बोलू नका!)

झालं, सुतारकाका आले. टेप लावली तर सिंक आणि पट्टीच्या मध्ये चांगली तीन इंच जागा. त्यांनी पट्टीला खालून बिजागऱ्या लावल्या, आतून अरुंद ट्रे बसवला. आता पट्टी पुढे झुकते आणि घासणी, साबण, ब्रश सगळं आत गायब! त्याखाली पाईपपुरती खाच सोडून यू आकाराचा ड्रॉवर केला, तोही वॉटरप्रूफ प्लायचा. साधं एमडीएफ पाणी पिऊन फुगतं. ड्रॉवर अख्खा बाहेर निघतो, म्हणजे उद्या प्लंबर आला तर त्याचा हात पाईपपर्यंत पोचायला हवा.

मग काकांनी अगदी खालची, जमिनीलगतची स्कर्टिंगची पट्टी खटकन ओढून काढली. कॅबिनेटच्या पायांमध्ये चार इंच उंचीची जागा. आत दोन झुरळं आणि माझं हरवलेलं गॅस लायटर.

"इथे चोरकप्पा होतो, मॅडम. फक्त कागद, औषधं उघडी ठेवू नका. नळ गळला की पाणी पहिलं इथेच येतं."

"कशाला? आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" मी हसले. फ्रीलान्स पत्रकाराचे चेक वेळेवर आले तर ना!

"करून टाका," आई म्हणाली.

रात्री भांडी आवरताना मला एकदम आठवलं. नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी आईने तांदळाच्या डब्यातून साडेअकरा हजार रुपये काढून टेबलावर ठेवले. सगळ्यांसमोर. "घरातलं काळं धन सापडलं!" बाबा म्हणाले. सगळे हसले. मी तेव्हा कॉलेजला होते, मी तर तो जोक मैत्रिणींच्या ग्रुपवरही टाकला. पैसे जॉईंट अकाउंटमध्ये गेले. पुढे त्यातून घराला रंग लागला. आईला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"आई, तेव्हा तू ते पैसे कशासाठी लपवले होतेस गं?"

ती ताट पुसत राहिली. "लपवले नव्हते. वेगळे ठेवले होते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं स्वतःचं अकाउंट आहे, कार्ड आहे, पासवर्ड नवऱ्यालाही माहीत नाही. त्याला मी 'स्पेस' म्हणते. आईची स्पेस तांदळाच्या डब्याएवढी होती आणि आम्ही तिचा जोक केला.

जायच्या आदल्या दिवशी तिने माझा घट्ट झाकणाचा चपटा स्टीलचा डबा मागून घेतला. मी दिला आणि मुद्दाम बाहेर भाजी आणायला गेले. आल्यावर पाहिलं तर स्कर्टिंगची पट्टी जागच्या जागी होती.

तिला जाऊन आता चार महिने झाले. डब्यात काय आहे, किती आहे, मी पाहिलेलं नाही. पण दर रविवारी फोनवर सगळी चौकशी झाली की ती शेवटी हमखास विचारते, "सिंकचा नळ गळत नाही ना गं?"

मी खाली वाकून, पट्टीपाशी हात फिरवून सांगते, "नाही आई. एकदम कोरडं आहे."