ठेका धरणारा

सदाशिव पेठ, पुणे

चि. सुधीर यास काकांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पोचले. भोसरीच्या कारखान्याचा पसारा वाढत चालला आहे हे वाचून समाधान वाटले. परंतु ज्या भागीदाराने आरंभापासून जमाखर्च सांभाळला, तो नव्या यंत्रांच्या खरेदीला हरकत घेतो एवढ्याच कारणासाठी त्याचा हिस्सा चुकता करून त्याला मोकळे करावे, असे तुझ्या मनात घोळते आहे, हे कळल्यावर मी अस्वस्थ झालो. या विचाराच्या पुष्ट्यर्थ तू माइल्स डेव्हिस या थोर जॅझवादकाचा दाखला दिला आहेस. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’चे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा त्याने साथीदारांच्या हाती रचनांची केवळ रूपरेषा ठेवली आणि त्यातून जे उपजले ते अजोड ठरले, सबब उद्योजकानेही स्वतःच्या उपजेवर विसंबावे, असा तू ऐकलेल्या व्याख्यानातील वक्त्याचा निष्कर्ष. दाखला खरा आहे. तथापि त्या ध्वनिमुद्रणात पॉल चेंबर्स बास वाजवीत होता आणि जिमी कॉब ड्रमवर लय धरून बसला होता, याविषयी त्या गृहस्थांनी काही सांगितल्याचे दिसत नाही. आणि मला तर त्या दोघांचेच महत्त्व अधिक वाटते.

लय धरणाऱ्याचे हे महत्त्व पाहण्यासाठी न्यूयॉर्कपर्यंत जाण्याचे कारण नाही. जंगली महाराज रस्त्यावरच्या रंगमंदिराला ज्यांचे नाव आहे, ते नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व हे जितके मोठे गायक-नट, तितकेच एका मोठ्या व्यवसायाचे मालकही होते, ही गोष्ट त्यांच्या गाण्याच्या तेजात आपल्या नजरेआड होते. नाटक मंडळी म्हणजे बिऱ्हाडासह गावोगाव हिंडणारा कारखानाच: नट, वादक, पडदेवाले, आचारी, त्यांची बायकामुले, सामानाचे डबे, थिएटरची भाडी आणि या सर्वांचा भार रात्रीच्या तिकीटविक्रीवर. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली तेव्हा मालकी तिघांची होती. पुढे टेंबे बाहेर पडले, मग बोडसही गेले, आणि कंपनी एकट्या बालगंधर्वांची झाली.

आता रंगमंचावरचे त्यांचे वर्तन पाहा. ‘स्वयंवर’ १९१६ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि रुक्मिणी बालगंधर्वांची. एका पदाला वन्समोअर, पुन्हा वन्समोअर, आणि प्रत्येक वेळी तेच शब्द, तीच चाल, पण जागा निराळी, स्वरावरचा ठेहराव निराळा, समेवर येण्याची वाट निराळी. असे करता करता नाटक पहाटेपर्यंत लांबे आणि कोणी जागचा हलत नसे, असे जुन्या रसिकांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. हे स्वातंत्र्य त्यांना कशाच्या बळावर घेता आले? त्यांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष होते. असले साथीदार पदरी ठेवणे हा खर्चाचा मामला होता, आणि तो खर्च बालगंधर्वांनी आनंदाने केला. गायक स्वरांत कितीही लांब गेला तरी थिरकवाँसाहेबांचा ठेका आपल्या जागी असे. गायकाच्या मोठेपणाला भुलून तबलजीने एक मात्रा पुढेमागे केली असती तर ती उपज तिथेच कोसळली असती. लयीच्या बाबतीत मालकाची भीड न धरणारा माणूस स्वतः मालकानेच शेजारी बसविलेला होता, आणि मला त्यांच्या कलेतील हा सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

कचेरीत मात्र असे कोणी उरले नाही. प्रेक्षकांना मायबाप मानणाऱ्या या कलावंताला त्यांच्यासमोर हलके काही मांडणे हा अपराध वाटे. शालू खरे, दागिने उंची, प्रेक्षागृहात अत्तराचा शिडकावा. १९२० च्या ‘द्रौपदी’च्या नेपथ्यावर तर हात फारच सैल सुटला. कंपनी कर्जात बुडाली. ‘कलावंताला व्यवहार कळत नाही’ असे म्हणून हा विषय मिटविणारांशी माझे जमत नाही. उत्तमाचा हट्ट हीच त्या कंपनीची पत होती. तो सोडला असता तर गंधर्व मंडळी इतर दहा मंडळ्यांसारखी झाली असती. उणीव होती ती, हट्ट कोणता पुरवायचा आणि कोणता पुढच्या हंगामापर्यंत लांबवायचा, हे खतावणी पुढे टाकून सांगणाऱ्या समान अधिकाराच्या माणसाची. पगारी कारभारी ते सांगू शकत नाही. सांगितले तरी ते ऐकण्याचे बंधन मालकावर नसते. भागीदाराचे तसे नाही.

आणि तरीही बालगंधर्वांची थोरवी पाहा. १९२१ च्या जुलैत, डोक्यावर कर्ज असता, लोकमान्यांच्या नावाने उभारलेल्या स्वराज्य फंडासाठी प्रतिस्पर्धी ललितकलादर्श मंडळीच्या केशवराव भोसल्यांसह त्यांनी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ केले: केशवराव धैर्यधर, हे भामिनी. कर्जही त्यांनी टाळले नाही. पुढची वर्षे प्रयोगांमागून प्रयोग करून स्वतःच्या गळ्याच्या कमाईतून फेडले. हे वाचताना मला आदराने भरून येते. पण त्याचबरोबर, त्या गळ्याचे किती श्रम सावकारांच्या तगाद्यापायी खर्ची पडले असतील, या विचाराने वाईटही वाटते.

पुढे बोलपट आले आणि १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. कॅमेऱ्यापुढे वन्समोअर कोठून येणार? दाद देणारा समोर नसता त्यांचे मन तिथे रमले नाही, आणि ते रंगभूमीकडे परतले. त्याला मी त्यांचा दोष मानीत नाही. त्यांच्या कलेचा अर्धा प्राण समोरच्या माणसांत होता. तुझा माल ज्यांच्या हाती जातो त्यांची तोंडे तुला आज ओळखीची आहेत. नव्या यंत्रांमुळे ती ओळख राहणार की जाणार, एवढे मात्र आकडेमोडीच्या आधी तपासून पाहा.

हिस्सा चुकता करण्याचा दस्तऐवज तूर्त थांबव. त्याऐवजी भागीदारीचा नवा मसुदा करून मजकडे पाठव. त्यात नफ्याची वाटणी तुम्हां दोघांना रुचेल तशी ठेव. परंतु ठरावीक रकमेवरील कर्ज, तारण अथवा खरेदी दोघांच्या सहीवाचून होणार नाही, असे एक स्वतंत्र कलम असू दे. येत्या रविवारी दोघेही जेवायला या. यंत्रांच्या खरेदीला त्याची हरकत नेमकी काय आहे ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचे आहे. तू त्याच्या आडमुठेपणाबद्दल पुष्कळ लिहिलेस, पण त्याचे कारण लिहिले नाहीस.

सौ. सूनबाईंस व मुलांस आशीर्वाद.

तुझा,
काका