कामगार हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं

परवा गाळ्यावर एक तरुण मुलगा आला. लॅपटॉप, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. 'एम्प्लॉयी वेलनेस'चं पॅकेज विकत होता. महिन्यातून दोनदा झूमवर योगा, एक ॲप आणि पावलं मोजायची स्पर्धा. चहा पाजला त्याला. म्हटलं, आमच्या मामांना कशाला स्पर्धेत घेतोस, टिटवाळ्याहून ठाण्याला पोचेपर्यंतच ते जिंकून बसतील. तो हसला. मी मात्र नंतर दिवसभर अस्वस्थ होतो, म्हणून हे लिहितोय.

वागळे इस्टेटमध्ये माझं पुठ्ठ्याचे खोके बनवायचं छोटं युनिट आहे. मी राहतो डोंबिवलीला. माणसं नऊ. हा नऊचा आकडा योगायोग नाही, पुढे सांगतो.

मामा पंचिंग मशीनवर. वयाने माझ्यापेक्षा मोठे, सगळेच त्यांना मामा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ते मशीनशेजारीच खाली बसले. घामाघूम, शब्द अडखळत होते. साखर एकदम उतरली होती. पहाटे शुगरची गोळी घेतलेली, पोटात चहा-बिस्किटं, आणि आमची जेवणाची सुट्टी दोनला! मशीन थांबवायचं नाही हा नियम माझाच.

जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. बिल बेचाळीस हजार. अर्धं मी भरलं, अर्धं 'ॲडव्हान्स' म्हणून मामांच्या पगारातून दहा महिने कापलं. खरं सांगतो, तेव्हा मला स्वतःचा मोठेपणा वाटला होता.

आता तो नऊचा आकडा. दहा माणसं झाली की ईएसआय लागतं. म्हणून इस्टेटीत कितीतरी गाळे नऊवर थांबतात, नाहीतर बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढून माणसं वाटून टाकतात. माझ्या अकाउंटंटनेही हेच सुचवलं होतं, 'नऊच ठेवा, कटकट नको.' मी ऐकलं. वागळे इस्टेटीतलं कामगार हॉस्पिटल आमच्या गाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. पण मामांकडे कार्डच नव्हतं.

कटकट केवढ्याची, तर सोळा हजार पगारावर मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे ५२० रुपये. कामगाराचा पाऊण टक्का, १२० रुपये. त्यात घरच्यांसकट उपचार, आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. दिवाळीच्या मिठाईच्या बॉक्सवर मी न कुरकुरता खर्च करतो की! कामगार हॉस्पिटलांच्या तक्रारी मलाही माहीत आहेत. रांगा आहेत, औषधं बाहेरून आणा म्हणतात. शिवाय पगाराची मर्यादा २०१७ पासून २१ हजारांवरच अडकलीय, चांगला ऑपरेटर ती सहज ओलांडतो. तरी बेचाळीस हजारांचं बिल आणि पगारातली कापाकापी यापेक्षा ते बरंच.

बाकी सुधारणा बिनपैशाच्या होत्या, हे जास्त लाजिरवाणं. जेवणाची सुट्टी साडेबाराला आणली. पेस्टिंगच्या ताई दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मला माझ्या बायकोने सांगितलं. मजल्यावरच्या संडासाला आतून कडीच नव्हती. कडी, बल्ब, बादली, नऊशे रुपयांत काम झालं. इतकी वर्षं कुणी मला सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नाही.

मग ९ जून २०२५. मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली, त्या सोमवारची सकाळ. आमच्या दिव्याच्या ताईंचा फोन लागत नव्हता. अकराला लागला. गर्दीमुळे दोन गाड्या सोडल्या होत्या, म्हणाल्या, 'दादा, आज हाफ डे लावू नका.' माणसं गेली होती त्या दिवशी, आणि या बाईला माझ्या हाफ डेची भीती!

नंतर मध्य रेल्वेने कार्यालयांना वेळा बदला म्हणून पत्रं लिहिली. नऊ माणसांच्या गाळ्याला कोण पत्र लिहितंय? आम्हीच बसून ठरवलं. मशीनवाले साडेसात ते चार. दिव्याच्या ताईंना मुलाच्या शाळेमुळे ते जमेना, त्या साडेदहाला येतात. लेट मार्क बंद. माल वेळेवर जातोय.

२१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. दहापेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर आता स्वेच्छेने ईएसआयमध्ये जाता येतं. म्हणजे नऊची ढाल गेली. सगळ्यांना बसवून विचारलं. हेल्परचा पहिला प्रश्न, 'हातात किती कमी येणार?' आकडा सांगितल्यावर तयार झाला. मामा शेवटपर्यंत गप्प होते. उठताना म्हणाले, 'बायको गावी असते, तिचं नाव लागेल का कार्डावर?'

लागेल म्हटलं. तिच्या आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ते दुरुस्त करायला मामा शनिवारी गावी चाललेत. भरपगारी.