साडेचार वर्षांची एक रात्र

संगीताच्या शौकिनांमध्ये एक जात हिशेबनिसांची असते. गाणं ऐकून झालं की हे लोक वही उघडतात. कुणाचे सलग किती अल्बम अव्वल निघाले, मध्ये कुठे एखादा पडेल आला का, आला असेल तर तो धरायचा की सोडून द्यायचा, यावर त्यांच्या रात्री जागतात. बीटल्सवाला 'रबर सोल', 'रिव्हॉल्व्हर' आणि 'सार्जंट पेपर' ही तिन्ही नावं एका दमात घेतो. डिलनवाला लगेच १९६५ चा मार्च ते १९६६ चा जून एवढ्या काळातले तीन अल्बम पुढे करतो, आणि वर 'त्यातला तिसरा तर दुहेरी होता' अशी पुस्ती जोडतो. मीही त्याच जातीचा. फक्त माझं भांडण लवकर आटोपतं, कारण मी स्टीव्ही वंडरचं नाव घेतो.

मार्च १९७२ मध्ये 'म्युझिक ऑफ माय माइंड'. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'टॉकिंग बुक'. ऑगस्ट १९७३ मध्ये 'इनरव्हिजन्स', जुलै १९७४ मध्ये 'फुलफिलिंगनेस फर्स्ट फिनाले' आणि सप्टेंबर १९७६ मध्ये 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ'. साडेचार वर्षं, पाच अल्बम, आणि शेवटचा आला तेव्हा या माणसाचं वय सव्वीस. सव्वीस म्हणजे आपल्याकडे ख्यालगायकाला गुरूनं जेमतेम एकट्यानं बैठकीला बसू दिलेलं असतं.

आपल्याकडे अनेकांची त्याच्याशी ओळख झाली ती भलत्याच दारातून. १९८४ साली फोनवरून प्रेम कळवणारं त्याचं ते गाणं आलं, त्याला ऑस्कर मिळालं, आणि मग गॅदरिंगपासून लग्नाच्या वाढदिवसापर्यंत जिथे म्हणून कीबोर्ड होता तिथे ते वाजलं. गाणं वाईट नाही. पण एवढ्या मोठ्या वाड्याच्या देवडीवरच लोक बसून राहिले. मी आत शिरलो तो मागच्या बाजूनं. आधी हाती लागला १९७६ चा, मग 'टॉकिंग बुक', मग बाकीचे, जसे मिळतील तसे. सलगता मी कधी सलग ऐकलीच नाही. त्यामुळे असेल, पण ती नक्की कशाची होती, हा प्रश्न मला फार दिवस पुरला.

अल्बमांची ओळ मोजायची तर आधी अल्बम ही गोष्ट मानावी लागते, आणि स्टीव्ही ज्या घरात वाढला तिथे तिला फारशी किंमत नव्हती. मोटाऊन कंपनी डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात सुरू झाली. मालक बेरी गॉर्डी एके काळी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर कामाला होता, आणि गाणीही तशीच निघावीत अशी त्यानं व्यवस्था लावली. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे. आठवड्याच्या बैठकीत तयार माल तपासला जाई. खिशात शेवटचा डॉलर असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच, असा तिथे सवाल असे. म्हणजे एकावेळी एक गाणं, तीन मिनिटांचं. अल्बम म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि भोवती भरताड. या घरात स्टीव्ही अकराव्या वर्षी आला. मुदतीआधी जन्मलेलं मूल, काचपेटीतल्या जादा प्राणवायूमुळे दृष्टी गेलेली. हार्मोनिका, ड्रम, पियानो, जे हाताला लागेल ते वाजवणारा. तेराव्या वर्षी त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

१३ मे १९७१ ला तो एकवीस वर्षांचा झाला. अज्ञान असताना केलेला करार संपला, आणि त्यानं लगेच नव्यावर सही केली नाही. तो न्यूयॉर्कला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस माल्कम सेसिल नावाच्या इंग्रज माणसाच्या दारात तो उभा राहिला. काखेत एक रेकॉर्ड होती. सेसिल मूळचा डबल बास वाजवणारा. त्यानं आणि रॉबर्ट मार्गुलेफनं मिळून एक अवाढव्य सिंथेसायझर उभा केला होता, टाँटो नावाचा. खोलीभर अर्धवर्तुळात मांडलेली लाकडी कपाटं, त्यांवर बटणं, वायरींची जाळी. काखेतली रेकॉर्ड त्याच यंत्राची होती. हे सगळे आवाज एका वाद्यातून निघतात का, आणि मला ते वाजवता येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

यंत्र तसं हट्टी होतं. एका वेळी एकच सूर देई. स्वरमेळ हवा तर एकावर एक थर चढवायचे. तापलं की सुरातून उतरे. दोघांनी आवाज घडवायचा, तिसऱ्यानं पट्ट्यांवर बोटं ठेवून तो गाता करायचा, अशी वाटणी झाली. आजच्या फोनमध्ये याच्या शंभरपट आवाज मावतात आणि त्यातले बहुतेक मेलेले असतात. टाँटोचा आवाज जिवंत का वाटतो, याचं उत्तर मला त्या हट्टीपणातच दिसतं. एकेक सूर कमवावा लागला की माणूस तो उधळत नाही.

पण मला खरं भुलवलं ते त्यांच्या कामाच्या पद्धतीनं. स्टुडिओत सगळी वाद्यं कायमची जोडून ठेवलेली असत. पियानो, क्लॅव्हिनेट, ड्रम, सिंथेसायझर, प्रत्येकाचा मायक्रोफोन लागलेला. स्टीव्हीला सुचलं की यावरून त्यावर जायचं, मध्ये कुणी 'थांब, जोडणी करतो' म्हणायचं नाही. घड्याळाशी त्याचा संबंध नव्हता. उजेड आणि अंधार त्याला सारखेच, त्यामुळे काम बहुधा रात्री सुरू होई आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांवर झापड आली की संपे. या मुक्कामात अल्बम हा शब्द फारसा निघतच नसे, असं सेसिल सांगत असे. ते गाणी करत होते. गाण्यांचा साठा वाढत गेला, आणि कंपनीला माल द्यायची वेळ आली की त्यातून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं वेचली जात. या अल्बमात न बसलेलं गाणं पुढच्यात जाई.

हे कळलं तेव्हा माझी वहीच फिसकटली. मी ज्यांना पाच इमारती समजत होतो, ती एकच वस्ती होती. तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावतात, म्हणून ती कापली गेली. सलग असं जे काही होतं ते अल्बमांत नव्हतं, न निजलेल्या त्या खोलीत होतं. आपल्याकडच्या मोठ्या गवयांची सलगता अशीच कुठे तरी मुरून गेली. एखाद्याची सलग दहा वर्षांची बैठक चढती असेल, पण ती साताऱ्यात एका वाड्यात, धारवाडला एका माडीवर अशी झाली, आणि कापायला तबकडी नव्हती म्हणून आपण मोजू शकलो नाही.

'टॉकिंग बुक'च्या मुखपृष्ठावर काळा चष्मा नाही. वेण्या घातलेला, झग्यातला स्टीव्ही मातीवर बसलाय. छायाचित्र मार्गुलेफचं, आणि पहिल्या आवृत्तीवर ब्रेलमध्ये मजकूर उठवलेला. आतलं 'सुपरस्टिशन' ऐकताना आजही खोलीतला पंखा तालात फिरतोय असं वाटतं. ड्रम त्याचे, मूग सिंथेसायझरवरचा बास त्याचा, क्लॅव्हिनेटचे एकमेकांत अडकणारे थर त्याचेच. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तेवढे दुसऱ्यांचे. एकच माणूस चौघांसारखा वाजवतो, तरी त्या चौघांत एकमेकांना डोळे मिचकावल्यासारखी मस्ती राहते. हे कसं होतं ते मला अजून उलगडलेलं नाही.

'इनरव्हिजन्स' हा माझ्या मते या ओळीतला सर्वांत घट्ट विणीचा. त्यात सात मिनिटांचं 'लिव्हिंग फॉर द सिटी' आहे. दक्षिणेतल्या गरीब घरातला काळा तरुण न्यूयॉर्कला येतो आणि बसमधून उतरल्यावर थोड्याच वेळात भलत्याच्या गुन्ह्यात अडकून तुरुंगात जातो. मधला प्रसंग रस्त्यावरच्या आवाजांनी उभा केलाय, शेवटी कोठडीचं दार आपटतं. मग शेवटच्या कडव्यात स्टीव्हीचा आवाज फाटतो. तो तसा फाटावा म्हणून सेसिल आणि मार्गुलेफनं त्याला पुन्हा पुन्हा गायला लावलं, मध्येच टेप थांबवून चिडवलं. मला हे वाचून आधी राग आला होता. पण ते कडवं ऐकल्यावर राग टिकत नाही.

अल्बम बाजारात आला ३ ऑगस्ट १९७३ ला. तीन दिवसांनी, नॉर्थ कॅरोलायनात सॉल्सबरीजवळ, त्याची मोटार लाकडाचे ओंडके नेणाऱ्या ट्रकवर आदळली. डोक्याला जबर मार. तो कित्येक दिवस बेशुद्ध होता. त्याच्या ताफ्याचा व्यवस्थापक आयरा टकर धाकटा याला माहीत होतं की स्टीव्हीला गाणं मोठ्यानं ऐकायला आवडतं. त्यानं कानाशी तोंड नेऊन 'हायर ग्राउंड' म्हणायला सुरुवात केली, आणि स्टीव्हीची बोटं तालावर हलू लागली. ते गाणं याच अल्बमातलं, अपघाताआधीच ध्वनिमुद्रित झालेलं, पुन्हा एकदा जगायला मिळाल्याबद्दलचं. कथेत कुणी हे घातलं असतं तर संपादकानं खोडलं असतं. डिलनची ती पंधरा महिन्यांची धाव १९६६ च्या जुलैत मोटारसायकलच्या अपघातापाशी थांबली. इथे मात्र वर्ष उलटायच्या आत नवा अल्बम हजर. फक्त वास घेण्याची शक्ती त्याच्यातून बरीचशी गेली होती.

'फुलफिलिंगनेस' त्यामानानं शांत आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सनला सुनावणारं एक खणखणीत गाणं त्यात आहे, मागे जॅक्सन बंधूंचे आवाज. अल्बम जुलैत आला, ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. श्रेय गाण्याला नाही, पण मुहूर्त झकास.

दरम्यान वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी १९७४ साली 'इनरव्हिजन्स'ला आणि १९७५ साली 'फुलफिलिंगनेस'ला मिळाला होता. १९७६ चा पॉल सायमनला गेला. त्यानं व्यासपीठावरून स्टीव्हीचे आभार मानले, यंदा अल्बम काढला नाही म्हणून. हशा झाला, पण त्या हशात सुटकेचा श्वास होता. त्यापुढचा ग्रॅमी अर्थातच 'साँग्ज'ला.

त्या अल्बमपाशी माझी उपपत्ती जरा अडखळते. सेसिल आणि मार्गुलेफ आता बाजूला झाले होते. ती खोली मोडली होती. १९७५ मध्ये मोटाऊननं त्याच्याशी सात वर्षांचा, प्रचंड रकमेचा करार केला होता, तोवर असा करार कुणाशी झाला नव्हता. एवढ्या पैशाखाली भलेभले गुदमरतात. आणि हा बसला दोन वर्षं काम करत. 'संपतच आलंय' असं छापलेले टी-शर्ट अंगात घालून मंडळी वावरत होती. शेवटी दोन पूर्ण तबकड्या आणि वर चार गाण्यांची एक छोटी, अशी एकवीस गाणी बाहेर पडली, पावणेदोन तासांची. पहिल्याच आठवड्यात पहिला क्रमांक. जॅझचे वादक हर्बी हॅनकॉक, जॉर्ज बेन्सन, गायकांचे जथे, सगळे आत. मुलगी आयेशा जन्मली तर तिच्या आंघोळीचा खळखळाट आत. ड्यूक एलिंग्टन १९७४ मध्ये वारला, त्याच्यासाठी शोकगीत नव्हे, पितळी वाद्यांचा जल्लोष. आणि 'पासटाइम पॅराडाइज'च्या अखेरीस, चर्चच्या गायकवृंदाशेजारी, हॉलिवुडच्या रस्त्यावर भजन करणाऱ्या हरे कृष्ण पंथीयांचा गजर. टाळ ऐकू आले तेव्हा मी दचकलो होतो.

मग मला वाटलं, खोली मोडली नव्हती, तिच्या भिंती गेल्या होत्या. आधी तिघं होते, आता शंभरावर माणसं येत-जात होती. वाद्यं मात्र तशीच जोडून ठेवलेली.

इथे हिशेबनीस रेघ मारतात. कारण पुढचा अल्बम आला थेट १९७९ च्या ऑक्टोबरात, 'जर्नी थ्रू द सीक्रेट लाइफ ऑफ प्लांट्स', वनस्पतींवरच्या एका माहितीपटाचं संगीत. दुहेरी तबकडी, बरंचसं वाद्यसंगीत, नाचण्याजोगं फार थोडं. झाडांच्या भावनांबद्दलचे त्या माहितीपटामागच्या पुस्तकातले अनेक दावे शास्त्रज्ञांनी मोडीत काढले होते. लोक बुचकळ्यात पडले, आणि सलगता तुटल्याचं जाहीर झालं.

पण हा अल्बम बनला कसा ते पाहा. जो चित्रपट दिसत नाही त्याला संगीत द्यायचं. मग हेडफोनच्या एका कानात निर्माता पडद्यावर काय चाललंय ते सांगे, दुसऱ्या कानात ध्वनिमुद्रक प्रसंग किती वेळ चालणार ते मोजून सांगे, आणि दोन्हींच्या मधोमध स्टीव्ही वाजवत असे. बी फुटतं, पान उलगडतं, आणि त्याला ते तोंडी वर्णनावरून सुरात दाखवायचंय. यातच 'व्हॉयेज टू इंडिया' नावाची एक रचना आहे, सतारीसकट. आणि एक गाणं असं आहे ज्यात जगदीशचंद्र बोस येतात, अमेरिकेतला कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर याच्या जोडीनं. वनस्पतींना संवेदना असते म्हणणाऱ्या बंगाली शास्त्रज्ञावर आधी कुणाचा विश्वास बसला नाही, हे डेट्रॉइटचा एक अंध गवई तक्रारीचा सूर न लावता, हलक्या गिटारीवर सांगतो. बोसांवर आपल्याकडे धडे पुष्कळ आहेत, पण इतकं गोड काही मी तरी ऐकलेलं नाही.

पुढच्याच वर्षी 'हॉटर दॅन जुलाय' आला. त्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनाची राष्ट्रीय सुट्टी मागणारं गाणं होतं, आणि १९८३ मध्ये तसा कायदाही झाला. गाणी नाचती होती, खप दणकून झाला, आणि स्टीव्ही परत आला, असं सगळीकडे म्हटलं गेलं. म्हणणाऱ्यांनी झाडांवरच्या त्या अल्बमची चौथी बाजू लावून पाहिली होती की नाही, कोण जाणे.