मानेचं माप

आधी वास आला. जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक पोरगा पिल्लू मांडीवर घेऊन बसला होता, आणि फिनेलच्या वरताण, त्या पिल्लाच्या मानेतून नासलेल्या मांसाचा वास येत होता. "दोन महिन्याचं होतं तवा दोरी बांधली होती मावशी," पोरगा म्हणाला, "आता ती दोरी कुठं गेली तेच दिसंना."

दोरी कुठंच गेली नव्हती. पिल्लू वाढलं, मान वाढली, नायलॉनची दोरी तेवढीच राहिली आणि कातडीनं तिला आत घेतलं. डॉक्टरांनी भूल देऊन, चिमट्यानं ती काढली तेव्हा तिचा निळा रंग अजून शाबूत होता. पिल्लू वाचलं. पोरगा रडत होता. वाईट नव्हता तो, दोरी सैल करायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून उदगीरच्या रस्त्यावर मला कुत्र्यांच्या मानाच दिसतात. कुणाला सुतळी, कुणाला साडीचा काठ, कुणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, कुणाला मालकाचाच जुना कमरेचा पट्टा मधेच भोक पाडून. आणि ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांच्या कुत्र्यांना खिळ्यांचा चकचकीत पट्टा. तो कुत्र्यासाठी नसतोच, रीलसाठी असतो.

आमच्या घरी हरणी होती. मुत्त्यानं, म्हणजे माझ्या आजोबानं, ती जानवळहून आणलेली; धोतराच्या सोग्यात गुंडाळून, एसटीनं. जानवळ चाकूर तालुक्यातलं. कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी तिथं लोक लांबून येतात. कारवानीचे केस आखूड, अंगासरशी. पश्मीच्या कानांना, शेपटीला रेशमासारखी झालर. बाकी बांधा एकच: लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. हीच जात पलीकडं कर्नाटकात मुधोळच्या नावानं ओळखली जाते. मुधोळला संस्थान होतं, घोरपड्यांचं. म्हणून तिला नाव मिळालं, २००५ साली पोस्टाचं तिकीट मिळालं, पुढं लष्करातही भरती मिळाली. आमच्याकडं माळरान होतं आणि ससे होते. १९७२ च्या कायद्यानं सशाची शिकारही गेली, कुत्री तेवढी राहिली.

हरणीची एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. रात्री तिला गोठ्यातल्या खांबाला बांधायचे. पहाटे आजी शेण काढायला गेली की खांबाला साखळी असायची, साखळीला पट्टा असायचा, पट्ट्याचं बक्कल लागलेलंच असायचं आणि आत मान नसायची. हरणी शेजारीच बसलेली. पळालेली नाही, कोंबड्यांच्या मागं लागलेली नाही. मोकळी होऊन, आपल्या रिकाम्या पट्ट्याला टेकून. मुत्त्या कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "सुटून बसलीस व्हय गं? मग जायचं होतं की!"

दुसऱ्या दिवशी पट्टा एक भोक पुढं ओढायचे. हरणी खोकायची. परत सैल करायचे. परत सकाळी तेच.

यात तिची काही जादू नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. अल्सेशियन किंवा लॅब्राडोरचं डोकं मानेपेक्षा चांगलं मोठं असतं, म्हणून साधा पट्टा कानाशी अडतो. कारवानीची कवटी अरुंद आणि मान भरलेली. ती मागच्या मागं सरकली, मान खाली घातली, की पट्टा कानांवरून निघून येतो. निघणार नाही इतका आवळला तर श्वास कोंडतो. अशा कुत्र्यांसाठी दोन फाशांचा पट्टा असतो. दुकानात मार्टिंगेल म्हणून मागावा लागतो. मोठा फासा मानेभोवती, लहान फाशाला दोरी. कुत्रं मागं सरलं की लहान फासा मोठ्याला आवळतो, पण ठरवलेल्या मापाशी येऊन थांबतो. दोरी सैल पडली की मानही सैल. चोक चेनलाही फासाच असतो, पण त्यानं कुठं थांबायचं हे त्या चेनला माहीत नसतं. सगळा फरक त्या थांबण्यात आहे. दोन फाशांचा पट्टा मात्र फिरायला जातानाच घालायचा. घरी काढून ठेवायचा, नाहीतर खिळ्याला, गजाला अडकून कुत्रं लटकायचं.

मार्टिंगेल हे नाव आमच्या गावात कुणाच्या कानावर पडलं नव्हतं, पण गावात चपला शिवणारे मामा होते. हरणीच्या खोकल्याला कंटाळून मुत्त्यानं एकदा त्यांना बोलावलं. मामांनी आधी हरणीला भाकरी घातली. मग दोऱ्यानं तिच्या मानेचं माप तीन ठिकाणी घेतलं: कानामागं, मधे आणि खांद्याजवळ. रापीनं कातडं असं कापलं की गळ्याकडं रुंद, मानेवर अरुंद. आतून उस्मानाबादी शेळीच्या मऊ कातड्याचं अस्तर. आरीनं भोकं पाडून मेणाचा दोरा ओढला, टाके सगळे बाहेरच्या अंगाला, आत एक नाही. शेवटी करडईचं तेल चोळलं. त्या तेलाचा आणि कातड्याचा वास ओसरीत कितीतरी दिवस राहिला. पट्टा मानेत घातल्यावर मामांनी आत दोन बोटं सरकवून बघितली आणि मुत्त्यालाही सरकवायला लावली. "हे रोज बघायचं," म्हणाले.

इथं मधेच रोमचा वॅरो येतो. त्याचं या ओसरीत काही काम नाही, पण मामांचं अस्तर आठवलं की तो येतोच. ख्रिस्ताच्या आधीच्या शतकातला हा म्हातारा. ऐंशीच्या घरात असताना त्यानं शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात मेंढरांच्या राखणीच्या कुत्र्यांवरही लिहिलं. लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून त्यांना जाड कातड्याचा, खिळ्यांचा पट्टा घालावा, असं तो सांगतो. आणि लगेच पुढं सांगतो की खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातडं शिवावं, म्हणजे लोखंड कुत्र्याच्या मानेला लागणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पट्ट्याच्या आतल्या बाजूचा विचार करत होतं! एकदा असा पट्टा लागलेला लांडगा बिनपट्ट्याच्या कुत्र्यालाही सोडून देतो, असाही त्याचा दाखला आहे. नळेगाव रोडवर फिरणाऱ्या खिळेवाल्या रॉटवायलरला कुठला लांडगा धरणार आहे, ते मला माहीत नाही. अस्तर तर त्याला नाहीच.

माझा खरा राग मात्र साखळीवर आहे. साखळी विकत घेणारा माणूस कुत्र्याकडं बघत नाही, स्वतःच्या भीतीकडं बघतो. भीती मोठी तर साखळी जाड. मग बारा-पंधरा किलोचं कुत्रं गळ्यात लोखंड घेऊन मेच्या उन्हात पत्र्याखाली उभं, आणि साखळीची लांबी अशी की पाण्याचं भांडं टोकाच्या एक वीत पुढं. याला कायद्यात नाव आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवून आणलं नाही तर तोही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. म्हणजे साखळीपेक्षा दंड स्वस्त.

असा राग आला की मला साताऱ्याजवळच्या संगम माहुलीचा खंड्या आठवतो. थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघ येतोय हे भुंकून सांगितलं, महाराजांचा जीव वाचला, अशी कथा आहे. नदीकाठी त्याचं दगडी स्मारक आहे. पण त्या दगडापुढं उभी राहिले तेव्हा मला महाराज, वाघ काही सुचलं नाही. एवढंच विचारावंसं वाटलं: ह्याला बांधायचे कशानं?

खरं तर ओझं कुठं पडावं हे आमच्या भागाला चांगलं कळतं. देवणी बैल जू ओढतो ते खांद्यावर, नरड्यावर नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. लोणी-हळदीनं तेच खांदे चोळतात, जिथं वर्षभर भार पडला. हे ज्ञान गोठ्यातून अंगणापर्यंत मात्र आलं नाही. कुत्र्याच्या गळ्यापाशी श्वासनलिका आहे, थायरॉइड आहे, मोठ्या शिरा आहेत. २००६ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी सव्वीस कुत्र्यांवर मोजून दाखवलं की गळ्यातला पट्टा ओढला गेला की डोळ्यातला दाब वाढतो. छातीच्या पट्ट्यानं तसा वाढत नाही. म्हणून ओढणाऱ्या कुत्र्याला छातीचा पट्टा, ज्याला आता सगळे हार्नेस म्हणतात, तो बरा. तोही बघून घ्यावा. छातीवरून आडवी पट्टी जाणारा असेल तर खांदा अडतो, पाऊल आखूड पडतं. छातीच्या हाडावरून खाली उतरून दोन पायांमधून जाणारा चांगला. काखेत घासत नाही ना, हे हात घालून बघावं. कारवानीची कातडी पातळ, नायलॉनच्या धारेनं लगेच सोलवटते. आणि डबीतून सुळकन लांब होत जाणारी ती बारीक दोरी तर कारवानीला कधीच लावू नये. ससा नाही तरी मांजर दिसतंच. दोरी संपते तिथं एकतर कुत्र्याची मान हिसडते नाहीतर तुमची बोटं कापतात.

हे सगळं मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी शाळेत मराठी शिकवायचे. मला हे शोधायला लावलं ते कुत्र्यानं नाही.

आई लातूरला अतिदक्षता विभागात होती तेव्हा तिच्या नाकात नळी होती आणि ती बेशुद्धीत ती नळी उपसायची. म्हणून तिचे दोन्ही हात कॉटच्या गजांना पट्टीनं बांधलेले. सिस्टर तरुण होत्या, समजूतदार होत्या. "काकू, नळी निघाली तर परत घालताना जास्त त्रास होतो," त्यांनी मला नीट सांगितलं. मला पटलंही. पण माझी बोटं आपोआप त्या पट्टीखाली गेली. दोन. जेमतेम सरकली. मी सिस्टरना बोलावलं, त्यांनी काही न बोलता पट्टी सोडली, मनगटाला कापूस गुंडाळला आणि परत बांधली. कापूस! अस्तर. मामा, वॅरो आणि ती मुलगी, तिघांनी एकच केलं.

आणि रात्री कधीतरी आईनं हात सोडवून घेतला. तिची मनगटं वाळली होती, कुठलंच माप राहिलं नव्हतं. सकाळी मी आत गेले तर गजाला पट्टीची गाठ तशीच, आत हात नाही. हात तिच्या पोटावर. नळी जागच्या जागी. तिनं काहीच उपसलं नव्हतं.

मी हसले. आयसीयूमध्ये हसू नये, पण हसले. मुत्त्याचा आवाज आला कानात: मग जायचं होतं की.

हरणी का बसून राहायची, याचं उत्तर मी इतकी वर्षं निष्ठा, माया असल्या शब्दांत शोधत होते. शाळेत शिकवणाऱ्यांची ती खोड असते. आता वाटतं, तिला कुठं जायचंच नव्हतं. तिला नुसतं गळ्यातलं नको होतं. बांधणारा धरून चालतो की सुटलं म्हणजे पळणारच. आईलाही नळी काढायची नसेल कदाचित. मनगट दुखत असेल, एवढंच.

आई त्यातून घरी आली. येळवशीच्या सणाला शेतात बसून आंबील प्याली, आणि पुढच्या पावसाळ्यात गेली. तोवर मला पट्ट्यांचा नाद लागलेला होता.

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते, लोहा तालुक्यात, खंडोबाची. घोडे, गाढवं, उंट येतात; जिल्हा परिषदेचं कुत्र्यांचं प्रदर्शन असतं. जागा योग्यच आहे. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतात, आणि जागरणात त्याच्यापुढं लोखंडी लंगर तोडतात. साखळी तोडून घेणारा दुसरा देव मला तरी माहीत नाही. प्रदर्शनात कान, शेपटी, छाती, चाल सगळं बघतात. मानेवरचे केस गेलेत का, हेही बघावं. एक बक्षीस पट्ट्याला ठेवावं. ठेवणार नाहीत, पण मी यंदा जाऊन सांगणार आहे. निवृत्त शिक्षिकेचं लोक निदान ऐकून घेतात.

सध्या माझ्याकडं भाचीनं आणून सोडलेलं एक कारवानी वळणाचं पोर आहे. त्या दिवशी दवाखान्यात लस टोचायला मी त्यालाच घेऊन गेले होते. त्याच्यासाठी मामांच्या नातवाला गाठलं. त्याचं उदगीरात छोटं दुकान आहे. दप्तरांच्या चेन बसवतो, बुटांचे तळवे चिकटवतो. दोन बोटं रुंद पट्टा, आतून मऊ अस्तर, वर कापडी फाशाची कडी, असं सगळं मी त्याला कागदावर काढून दिलं. वाढतं पोर आहे, दर आठवड्याला बघीन आणि तीन महिन्यांनी परत येईन, हेही सांगितलं. त्यानं कागद उलटसुलट केला.

"मावशी, माणसाच्या बेल्टला एवढं करत नाहीत. ठेवा कागद, परवा घेऊन जा."

"आणि माप?"

"कुत्र्याचंच आहे की. होईल अंदाजानं."

"तुझ्या आजानं हरणीचं तीन ठिकाणी घेतलं होतं."

तो जरा थांबला. मग ड्रॉवरमधून टेप काढून खिशात घातला आणि म्हणाला, "चावतं का?"