उसनी लाइफ

‘मुलगी असून गेम खेळतेस?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की मोजत बसले असते तर एव्हाना हायस्कोअर झाला असता! हो, खेळते. वय वर्षं एकोणतीस, बेसातला फ्लॅट, डोक्यावर डेडलाइन... तरी खेळते.

आमच्या पिढीचं गेमिंग सुरू झालं ते कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर. कॅसेटवर लिहिलेलं ‘9999 इन 1’ आणि आत तेच ते वीस-पंचवीस गेम! नागपूरचा उन्हाळा, कूलरची घरघर, टीव्हीसमोर मी आणि दादा. मध्येच लोडशेडिंग झालं की सगळं पहिल्यापासून. ‘मारिओ’ आळीपाळीनं खेळायचा, पण ‘काँट्रा’त दोघं एकाच वेळी लढायचे. माझ्या लाइफ कायम आधी संपायच्या. त्यावर काँट्रात एक सॉलिड सोय होती. बटण दाबलं की पार्टनरची एक लाइफ उसनी मिळायची! दादा ओरडायचा, ‘काहून मरतेस गं सारखी?’ पण माझ्या हातातली जॉयस्टिक त्यानं कधी हिसकावली नाही.

पुढे नागपुरातल्या बहुतेक घरांत होतं तेच झालं. दादा पुण्याला, हिंजवडीत. फोनवर काय बोलणार? ‘जेवलास?’ ‘हो.’ ‘आई कशी आहे?’ ‘बरी आहे.’ संपलं.

मग 2018 मध्ये मोबाइलवर ‘पब्जी’ आला. हा गेम सुचला आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीनला. त्यातल्या एरांगेल बेटाच्या नावात त्यानं आपल्या मुलीचं, एरिनचं नाव गुंफलंय. शंभर जण बेटावर उतरतात, वर्तुळ लहान होत जातं, शेवटी उरेल तो जिंकला. त्याचं बक्षीस म्हणजे ‘चिकन डिनर’, तेही नुसतं स्क्रीनवर. सावजी खाणाऱ्या नागपूरकराची याहून क्रूर थट्टा नाही! पण मला आवडला तो रिव्हाइव्ह. तुम्ही नॉक झालात की पार्टनरनं बंदूक खाली ठेवून तुमच्याजवळ बसायचं, स्वतःचा जीव धोक्यात घालून. म्हणजे उसनी लाइफच की!

सप्टेंबर 2020 मध्ये पब्जीवर बंदी आली. जुलै 2021 मध्ये तोच गेम ‘बीजीएमआय’ नावानं परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा गायब झाला आणि मे 2023 मध्ये पुन्हा उगवला. मधले दहा महिने आम्ही भाऊ-बहीण परत ‘जेवलास?’वर आलो होतो.

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पोचिंकीतल्या एका घरात दादा नॉक होऊन पडला होता आणि मी त्याला रिव्हाइव्ह करत होते. तेवढ्यात हेडफोनमध्ये तो म्हणाला, ‘ऐक ना, जॉब गेला. आईला सांगू नको.’ समोरासमोर असतो तर तो बोललाच नसता, आणि मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नसतं. मी फक्त म्हणाले, ‘हलू नकोस, होतंय.’ पुढचे दोन महिने रोज रात्री साडेदहाला मी हजर. नवा रेझ्युमेसुद्धा तिथेच डिस्कस झाला, गोळीबाराच्या पार्श्वसंगीतात!

ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, तेव्हा आई खूश. ‘बरं झालं, बंद झालं एकदाचं!’ मग तिला समजावलं, की बंदी पैसे लावून खेळायच्या गेम्सवर आहे, ई-स्पोर्ट्सला तर त्याच कायद्यानं मान्यता दिलीय. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. रात्रभर खेळून परीक्षेची वाट लावणारी पोरंही तिनं पाहिलीयत, त्यामुळे तिची काळजी मला अगदीच फालतू वाटत नाही. पण तिच्या मोठ्या मुलाचे ते दोन महिने कुठे गेले, हे तिला अजून माहीत नाही.

उद्या हाही गेम बंद पडेल. पडू दे, आम्ही दुसरा शोधू. तुमचाही कुणी दादा हिंजवडीत किंवा ताई बंगळुरूत असेल ना? फोनवर ‘कशी आहेस?’ विचारलंत तर ‘मस्त’ हेच उत्तर येणार. एकदा टीमचं इन्व्हाइट पाठवून बघा. आणि हो, खेळता येत नसेल तरी चालेल. मरायला तर कुणालाही जमतं, बॉस!